बारीक दांड्याची रोपं जाड कशी करायची? सोलापूरच्या उन्हाळ्यातला घरातला तरू

[दृश्य: मे महिना, सकाळचे साडेसहा. जुळे सोलापुरातल्या एका इमारतीची पूर्वेकडची गॅलरी. कठड्याजवळ फळीवर ठेवलेला रोपांचा ट्रे.]

जून-जुलैत लागवड करायची, तर टोमॅटो, वांगी आणि मिरचीचं बी मे महिन्यातच टाकावं लागतं. टोमॅटोचं रोप 25 ते 30 दिवसांत लागवडीला येतं, वांगं 30 ते 35 दिवसांत. मिरची मात्र 35 ते 45 दिवस घेते. म्हणजे तरू (लागवडीसाठी वाढवलेली रोपं) टाकायचा आणि सांभाळायचा तो नेमका सोलापूरच्या सगळ्यात कडक उन्हात. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीचा स्लॅब चटके देतो. साहजिकच ट्रे घरात येतो आणि हॉलच्या कोपऱ्यात, पडदा ओढलेल्या खिडकीखाली जाऊन बसतो.

[दृश्य: घरातला ट्रे. रोपं खिडकीकडे झुकलेली.]

आठ-दहा दिवसांत रोपं अशी दिसायला लागतात. दांडा दोऱ्यासारखा, रंग पांढरट हिरवा, वर दोनच इवलीशी पानं. ट्रे उचलला तरी माना डोलतात. पाणी घातलं की आडवी होतात.

[दृश्य: जवळून. पट्टी मातीला टेकवून उभी धरलेली.]

रोप लांबलंय की नाही, हे नजरेवर सोडू नका, पट्टी लावा. मातीपासून पहिल्या दोन गुळगुळीत पानांपर्यंत, म्हणजे बीजपत्रांपर्यंतचं अंतर मोजा. टोमॅटोत ते 2 ते 3 सेंटिमीटर असेल तर रोप ठीक आहे. पाच-सहा सेंटिमीटर झालं असेल, तर रोप प्रकाश शोधतंय.

सोलापुरात प्रकाशाला तोटा नाही. आपण उष्णतेला भितो आणि तिच्याबरोबर प्रकाशही घराबाहेर ठेवतो. रोपाला या दोन गोष्टी वेगवेगळ्या द्याव्या लागतात: प्रकाश भरपूर, उष्णता बेताची. पुढचं सगळं काम याच एका गोष्टीसाठी आहे.

[दृश्य: एकाच रोपाची रोजची वाढ, वेग वाढवून.]

रोप लांबतं कसं, ते थोडं समजून घेऊ. पानात आणि दांड्यात प्रकाश ओळखणारी रंगद्रव्यं असतात. निळा आणि लाल प्रकाश पुरेसा मिळाला की ती दांड्याची लांबण रोखून धरतात. प्रकाश कमी पडला किंवा शेजारच्या रोपांची सावली आली की तो लगाम सुटतो. मग दांड्यातल्या पेशी नुसत्या ताणल्या जातात, त्यांच्या भिंती पातळ राहतात, आणि अन्न पानांकडे व मुळांकडे जाण्याऐवजी लांबी वाढवण्यातच खर्ची पडतं. उष्णतेनेही हा लगाम ढिला होतो, त्यातही रात्रीच्या उष्णतेने जास्त. मे महिन्यात बंद खोलीत रात्री बारालाही भिंती गरम असतात. कमी प्रकाश आणि गरम रात्र एकत्र आली की टोमॅटो बघता बघता हाताबाहेर जातो.

खिडकीत तर ठेवलंय, मग प्रकाश कसा कमी? हा प्रश्न नेहमी येतो. आपला डोळा अंधुक उजेडालाही पटकन सरावतो, म्हणून फसगत होते. मोबाइलवर प्रकाश मोजणारं अ‍ॅप मिळतं. ते तंतोतंत नसलं तरी अंदाज घ्यायला पुरतं. प्रकाश लक्समध्ये मोजतात. दुपारच्या उघड्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात, आणि पडदा ओढलेल्या हॉलमध्ये तोच आकडा दोन-तीनशेवर येतो. रोपाला दिवसभर किमान 10 हजारांच्या पुढे हवेत. खिडकीपासून हातभर आत सरकलं तरी प्रकाश झपाट्याने घटतो.

[दृश्य: प्लॅस्टिकने झाकलेला ट्रे. कागद उचलला जातो. कोंब बाहेर आलेले.]

बहुतेक वेळा मात्र घोळ याच्याही आधी झालेला असतो. बी रुजावं म्हणून ट्रेवर कागद झाकतात, ते बरोबर आहे. टोमॅटो 5 ते 8 दिवसांत उगवतो, मिरचीला 8 ते 12 दिवस लागतात. पण पहिले कोंब दिसले त्याच दिवशी, त्याच तासाला झाकण काढायला हवं. सगळं बी उगवू दे म्हणून आणखी दोन दिवस झाकून ठेवलं, की तेवढ्यात अर्धी रोपं वाया जातात. अंधारात वाढलेली ती लांबी पुढे कधीच आखडत नाही. दांडा जाड करता येतो, आखूड करता येत नाही.

[दृश्य: पूर्वेची गॅलरी. शेडनेट बांधलं जातंय.]

आता उपाय. घराला पूर्वेची गॅलरी असेल तर अर्धं काम झालंच. सकाळी सहा ते नऊ हे कोवळं ऊन रोपांना थेट मिळू द्या. नवानंतर ट्रे 50 टक्क्यांच्या, म्हणजे निम्मं ऊन अडवणाऱ्या, हिरव्या शेडनेटखाली घ्या. 75 टक्क्यांचं नेट नको, त्याखाली रोपं पुन्हा लांबतात. नेट रोपांपासून दोन-तीन फूट वर बांधा, म्हणजे मधून वारा खेळेल. ट्रे फरशीवर किंवा स्लॅबवर टेकवू नका. खाली दोन विटा आणि त्यावर फळी ठेवा. तापलेल्या स्लॅबवर मुळं खालून भाजतात. वरून रोप हिरवं दिसतं आणि दुपारी एकदम माना टाकतं.

घरातलं रोप एकदम उन्हात नेऊ नका. पहिल्या दिवशी सकाळचा अर्धा तास, मग रोज वीस-पंचवीस मिनिटं वाढवत आठवड्याभरात तीन तासांवर या. घाई झाली तर पानांवर कागदासारखे पांढरे डाग पडतात. ती पानं सुधारत नाहीत, पण शेंडा हिरवा असेल तर रोप वाचतं.

[दृश्य: खोलीतला रॅक. दोन एलईडी ट्यूब साखळीला टांगलेल्या.]

गॅलरी नसेल, किंवा पश्चिमेची असेल, तर दिवा लावावा लागेल. गुलाबी-जांभळ्या महागड्या दिव्यांची गरज नाही. घरात वापरतो ती चार फुटी, 20 वॅटची, पांढऱ्या उजेडाची, 6500 केल्विनची एलईडी ट्यूब चालते. अशा दोन ट्यूब शेजारी शेजारी, रोपांच्या शेंड्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर. अंतर इतकं कमी बघून लोक बिचकतात आणि ट्यूब छताजवळच ठेवतात. मग दिवा लावून न लावल्यासारखाच. साखळीला टांगा, म्हणजे रोपं वाढतील तशी ट्यूब वर सरकवता येईल. रोज 14 तास पुरे. टोमॅटोला अंधारही लागतो, चोवीस तास उजेड दिला तर पानं पिवळी पडतात. दोन ट्यूबना रोज साधारण अर्धा युनिट वीज लागते, महिन्याला सतरा युनिटच्या आसपास.

ट्रेमागे पांढरा पुठ्ठा लावला तर परतलेला उजेडही कामी येतो. ट्रे रोज फिरवल्याने रोप सरळ राहतं, जाड होत नाही. हा फरक ध्यानात असू द्या.

[दृश्य: टेबल फॅन. रोपं हलकेच डुलतायत.]

प्रकाशानंतर वारा. बंद खोलीत वाढलेल्या दांड्याला कधी हलावंच लागलेलं नसतं. हलल्याने दांड्यात इथिलीन नावाचा वायू तयार होतो, लांबण कमी होते आणि दांडा जाड व चिवट होतो. टेबल फॅन पाच-सहा फुटांवर, सगळ्यात कमी वेगावर, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास लावा. पानं नुसती थरथरली पाहिजेत, रोप वाकता कामा नये. दुपारचा कोरडा झळईचा वारा वेगळा, त्याने ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तासाभरात सुकतं. तेव्हा रोपं आडोशालाच हवीत.

पंखा नसेल तर जाड कागदाची कडा रोपांच्या शेंड्यांवरून दिवसातून दोनदा, पंधरा-वीस वेळा हलकेच फिरवा. टोमॅटो आणि वांग्याला हे चांगलं मानवतं. मिरचीची कोवळी पानं यात फाटतात, तिला पंखाच बरा. पानं ओली असताना हे करू नका, रोग पसरतो.

इथे सोलापूरकरांनी एक गोष्ट विशेष सांभाळायची आहे. शहराच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात, आणि तंबाखू मळणारे तर सगळीकडेच आहेत. तंबाखूत मोझॅक विषाणू असू शकतो आणि तो हातावरून टोमॅटो-मिरचीच्या रोपांत सहज जातो. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे येतात, पानं आकसतात, आणि त्यावर औषध नाही. काम झाल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवा, मगच तरूला हात लावा. विड्यांचं सूप आणि रोपांचा ट्रे एका खोलीत नको.

[दृश्य: परातीत पाणी. ट्रे त्यात ठेवलेला.]

पाणी वरून ओतू नका. परातीत बोटाचं पेरभर पाणी घ्या, ट्रे त्यात 10 ते 15 मिनिटं ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की काढून निथळू द्या. वरचा थर थोडा सुकल्यावरच पुन्हा. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या घरात हे परवडतंही, परातीतलं उरलेलं पाणी दुसऱ्या कुंडीला जातं.

खताची घाई नको. तिसरं-चौथं खरं पान (बीजपत्रांनंतर येणारं) आल्यावर 19:19:19 हे नत्र, स्फुरद आणि पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. युरिया तर अजिबात नको, त्याने रोप आणखी लुसलुशीत होऊन लांबतं. वाढ रोखणारी संजीवकंही बाजारात मिळतात. घरच्या दहा-वीस रोपांसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये. मात्रा जरा चुकली तर रोप महिनाभर जागचं हलत नाही.

[दृश्य: जवळून. दोन रोपं शेजारी. एकाचा दांडा मातीलगत आक्रसून तपकिरी.]

ही दोन रोपं नीट बघा. डावीकडचं लांबलंय: दांडा बारीक आहे, पण वरपासून खालपर्यंत सारखा. उजवीकडचं मातीलगत चिमटल्यासारखं आक्रसलंय, तिथे तपकिरी झालंय. ही रोपमर, बुरशीमुळे येते. तिला प्रकाशाने काही होत नाही. असं रोप त्याच्या मातीसकट काढून टाका, पाणी कमी करा, गर्दी विरळ करा. पुढच्या वेळी कोकोपीटमध्ये किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळूनच बी टाका.

[दृश्य: कागदी कप, भिजवलेलं कोकोपीट, गांडूळखत.]

आता लांबलेली रोपं वाचवायची कशी? टोमॅटो यात सगळ्यात मोठ्या मनाचा. त्याच्या दांड्यावर जिथे माती लागेल तिथे मुळं फुटतात. 200 मिलिलिटरचा कागदी कप घ्या, बुडाला तीन-चार भोकं पाडा. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. आपली काळी माती कपात नको, ती सुकली की भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. कपात तळाशी दोन बोटं मिश्रण टाका. रोप पानाला धरून उचला, दांड्याला चिमटीत धरू नका. दांडा दबला तर रोप गेलं, पान तुटलं तर नवं येतं. बीजपत्रांच्या थेट खालपर्यंत दांडा मिश्रणात बुडवा. फार लांब असेल तर जरा तिरपा ठेवा. काम संध्याकाळी करा आणि पुढचे दोन दिवस कप सावलीत, उजेडात ठेवा. आठवड्याभरात दांड्यावर पांढरे कोंभ दिसतात.

वांगी आणि मिरचीला इतकं खोल नको, एखादा सेंटिमीटर पुरे. कोबी-फ्लॉवर बीजपत्रांपर्यंत चालतात. झेंडू टोमॅटोसारखाच दांड्यावर मुळं धरतो, शिवाय शेंडा खुडला की फुटवे येतात. पपईचा दांडा मात्र मातीत गाडू नका, बुंधा कुजतो. काकडी, दोडका, भोपळा यांची लांबलेली रोपं वाचवण्यात वेळ घालवू नये. बी चार-पाच दिवसांत उगवतं, नवीन टाकावं.

रोप फारच लवत असेल तर खराट्याची काडी शेजारी रोवा, सैल दोरा बांधा. पण आठवड्यात काडी काढा. आधारावर टेकलेला दांडा हलत नाही, म्हणून जाडही होत नाही.

[दृश्य: तयार रोप, पट्टीशेजारी.]

लागवडीचं रोप 12 ते 15 सेंटिमीटर उंच, चार-पाच खऱ्या पानांचं, दांडा 3 ते 4 मिलिमीटर जाड. लागवडीआधीचा आठवडा पाणी थोडं ताणून द्या आणि रोपं रात्रीही बाहेर ठेवा. पहिल्या पावसावर लगेच लावू नका, जमीन आतून अजून तापलेली असते. दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लावा आणि लगेच बुंध्याशी पाणी द्या.