बटणांच्या स्मार्टफोनचं पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापूरच्या नवी पेठेत मोबाईल घ्यायला गेलात, की दुकानदार एकामागून एक डबे पुढे ठेवतो. विवो, ओप्पो, सॅमसंग, रिअलमी, शाओमी. नावं वेगळी, किमती वेगळ्या, कॅमेरे वेगळे. आत चालणारी प्रणाली, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, मात्र एकच, अँड्रॉइड. ती नको असेल तर आयफोन, म्हणजे आयओएस. आपल्या देशात शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. या दोघांबद्दल आपण रोज ऐकतो, म्हणून थोडक्यात सांगतो. आयफोनमध्ये यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची असते, त्यामुळे जुन्या फोनलाही बरीच वर्षं सुधारणा मिळत राहतात. 2015 साली आलेल्या आयफोन 6एसला 2021 ची आयओएस 15 मिळाली होती. अँड्रॉइडचा मूळ गाभा खुला आहे, कोणतीही कंपनी तो वापरू शकते, म्हणून फोन स्वस्त होतो. पण स्वस्त फोनच्या सुरक्षा सुधारणा बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांत थांबतात, आणि तोच फोन पुढे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात जातो.

मला बोलायचंय ते तिसऱ्या प्रणालीबद्दल. तिचं नाव कायओएस. नाव अनोळखी वाटेल, पण ती सोलापुरात कितीतरी घरांत नांदून गेली आहे. 2017 साली दीड हजार रुपये अनामत घेऊन जो बटणांचा जिओफोन आला, त्यात हीच होती.

तिची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं 2013 साली फायरफॉक्स ओएस आणली. वेबसाइट ज्या भाषांत लिहितात, त्याच भाषांत फोनची अ‍ॅप लिहायची, असा विचार त्यामागे होता. 2014 साली आपल्याकडे इंटेक्सनं तिच्यावर चालणारा फोन 1,999 रुपयांना विकला. टच स्क्रीनच्या बाजारात तिचा निभाव लागला नाही आणि मोझिलानं हात काढून घेतला. पण तिचा गाभा उचलून दुसऱ्यांनी तो बटणांच्या फोनवर बसवला. ती कायओएस. जिओफोनची रॅम अवघी 512 एमबी, पडदा तळहाताच्याही निम्मा. एवढ्याशा यंत्रावर फोरजी, यूट्यूब, नकाशे आणि 2018 पासून व्हॉट्सअ‍ॅप चालू लागलं. त्याच वर्षी खुद्द अँड्रॉइडवाल्या गूगलनं कायओएसच्या कंपनीत 2.2 कोटी डॉलर गुंतवले. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण ज्या गिऱ्हाइकाला बाकीच्यांनी हिशेबातच धरलं नव्हतं, त्याच्यासाठी कुणीतरी मन लावून प्रणाली लिहिली होती.

कुंभारीच्या विडी घरकुलातल्या किंवा अक्कलकोट रोडच्या यंत्रमागावरच्या माणसाच्या बाजूनं बघा. हात दिवसभर तंबाखूत नाहीतर सुतात. बटण दाबलं की दाबलेलं कळतं, बॅटरी टिकते, फोन पडला तर काच फुटायची धास्ती नाही. आणि आपल्या गावात एका घरात तेलुगू, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात उर्दू, दारात मराठी. जिओफोनमध्ये 22 भारतीय भाषा होत्या.

मग ही प्रणाली मागे का पडली? दोष तिच्या बांधणीचा नाही. जिथं गिऱ्हाईक नाही तिथं व्यापारी गाळा घेत नाही, आणि गाळे रिकामे दिसले की गिऱ्हाईक फिरकत नाही. अ‍ॅपचं तसंच असतं. मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन आठवतो ना? कमी रॅमच्या नोकिया ल्युमियावरही तो लोण्यासारखा चालायचा. नोकियाचा मोबाईल व्यवसाय विकत घेऊनही मायक्रोसॉफ्टला तो तगवता आला नाही, कारण लोकांना हवी ती अ‍ॅप त्याच्यावर येईनात. कायओएसला हाच फटका बसला. 2021 मध्ये जिओनं पुढचा फोन काढला तो अँड्रॉइडवर बेतलेला. 2024 च्या जूनपासून कायओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्यानं घेता येईना, आणि 2025 च्या सुरुवातीला ते चालायचंच बंद झालं. फोन धडधाकट, बटणं शाबूत, पण शाळेची सूचना, बचत गटाची बैठक, कारखान्यातला पाळीचा बदल, सगळं ज्या ग्रुपवर येतं तो ग्रुपच हातातून गेला. गरीब माणसाचा चालता फोन असा एका निर्णयात निकामी ठरावा, हे मला मुळीच पटत नाही.

कायओएसला भवितव्य आहे का? अँड्रॉइडशी बरोबरी ती करणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण बटणांचा फोन संपलेला नाही. 2023 साली जिओनंच 999 रुपयांत जिओभारत आणला, कारण मागणी आहे. तिथं छोट्या प्रणालीला जागा आहे, आणि ती जागा राहील की जाईल, हे बरंचसं बँका आणि सरकारी खात्यांच्या हातात आहे. वाट असते याचा दाखला आहे. 2022 च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेनं यूपीआय 123पे सुरू केलं. साध्या फोनवरून एका क्रमांकाला कॉल करून पैसे पाठवता येतात. अ‍ॅप नाही, इंटरनेट नाही. फोनच्या आत कुठली प्रणाली आहे, हे कुणी विचारतही नाही.

वीजबिल, सातबारा, रेशन यांचंही असंच व्हायला हवं. ‘आमचं अ‍ॅप डाउनलोड करा’ एवढं सांगून खात्यानं मोकळं होऊ नये. दोन इंची पडद्यावर, बटणांनी वरखाली करत वाचता येईल असं एक हलकं वेबपान द्यावं. कायओएस मुळात वेबचीच असल्यानं तिला तेवढं पुरतं. आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना, बचत गटांच्या ताईंना माझी विनंती आहे. ग्रुपवर सूचना टाकाल तेव्हा ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे त्यांची यादी काढा आणि तीच सूचना त्यांना साध्या एसएमएसनंही पाठवा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, आजपासून करता येईल.

नमस्कार.