रिपोर्ट नॉर्मल, माणूस मात्र बरा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आज नैराश्याबद्दल, म्हणजे ज्याला हल्ली सगळे डिप्रेशन म्हणतात त्या आजाराबद्दल बोलायचंय. आपल्या बीड-परभणीकडं "मला नैराश्य आलंय" असं सांगत दवाखान्यात येणारा माणूस विरळाच. गडी म्हणतो, "डॉक्टर, अंगातलं अवसानच गेलंय." बाई म्हणते, "डोकं भणभण करतंय, छातीत धडधड होतीय, काही करावंच वाटंना." मग रक्त तपासतात, ईसीजी निघतो. सगळं नॉर्मल. तरी पेशंटच म्हणतो, "एक ताकदीची बाटली लावा," आणि बाटली लागते. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे दुखणं खोटं नसतं. झोप, भूक, ताकद, वेदना या सगळ्यांचा कारभार मेंदूकडं असतो आणि नैराश्यात तोच कारभार बिघडतो. रक्ताच्या रिपोर्टात ते दिसणार कसं? तपासण्या करूच नका, असं मात्र नाही. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी झालं तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून ते एकदा बघून घ्यावंच.

घरच्यांनी ओळखायचं कसं? दोन गोष्टी विचारा. गेले दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास असतं का? आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमतो का? पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यात ज्याचा सगळा दिवस जायचा, तो यंदा "तुम्हीच करा रे पोरांनो" म्हणून आत जाऊन पडला, तर ती आळसाची गोष्ट नाही. पहाटे तीनलाच जाग येणं, घास तोंडात फिरणं, साधा हिशेब न जुळणं, "मी घराला ओझं झालोय" असं बोलणं, हे त्याच्या जोडीला येतं. पुरुषांमध्ये पुष्कळदा उदासी दिसतच नाही. दिसते ती चिडचिड आणि वाढलेली दारू. बाळंतिणीचं रडू दोन आठवडे उलटूनही थांबत नसेल, तर "बाळंतपणात होतंच असं" म्हणून सोडून देऊ नका.

इथं पारावरचा एक युक्तिवाद हमखास येतो. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत उभं सोयाबीन गेलं, माती खरवडून गेली, डोक्यावर कर्ज आहे. मग माणूस उदास होणारच, त्याला गोळी काय करणार? कर्ज गोळीनं फिटत नाही, हे खरंच आहे, आणि नुकसानभरपाईच्या जागी समुपदेशन द्या, असं कुणी म्हणत असेल तर त्याला मी तरी साथ देणार नाही. पण खड्ड्यात पडून पाय मोडला, तर खड्डा बुजेपर्यंत प्लास्टर थांबवत नाहीत. कर्जाची वाट काढायला, बँकेत जाऊन चार शब्द बोलायलासुद्धा डोकं ठिकाणावर लागतं, आणि हा आजार नेमकं तेच हिरावून घेतो. शिवाय कर्ज नाही, भांडण नाही, अशा भरल्या घरातही तो येतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वीस माणसांमागे एकाला नैराश्य आढळलं होतं.

काहींना हे "बाहेरचं" वाटतं. देवऋषाकडं जाणाऱ्याला मी हसत नाही. फक्त त्यापायी दवाखाना लांबणीवर टाकू नका.

आता उपचार. आजार सौम्य असेल, तर नुसत्या बोलण्याच्या उपचारानंही माणूस सावरतो, आणि आजार जास्त असला तरी त्याचा उपयोग होतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांत गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. सहा ते आठ बैठका, आणि भर कशावर, तर बंद पडलेली छोटी-छोटी कामं पुन्हा सुरू करण्यावर. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त पेशंट सुधारले. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आजार जास्त असेल तर गोळ्या लागतात, आणि आपल्याकडं घोळ होतो तो इथंच. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळ होते, पोट बिघडतं. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. पेशंट दहाव्या दिवशी म्हणतो, "फरक नाही," आणि पाकीट फडताळात जातं. दुसरा बरा होतो आणि महिन्याभरात आपल्याच मनानं गोळी सोडतो. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवावी लागते आणि बंद करायची तीही डॉक्टरांच्या सांगण्यानं, हळूहळू. नैराश्यावरच्या या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही. पूर्वी कधी झोप नाही, बडबड अफाट, पैसा उधळला, असा काळ येऊन गेला असेल, तर तो डॉक्टरांना जरूर सांगा. तिथं औषध वेगळं असतं.

"जगण्यात अर्थ नाही" असं कुणी बोललं तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. ती ओढ बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ टळला की जीव वाचू शकतो. आणि पोलिसांच्या भीतीनं लपवाछपवी करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं.

जायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी विचारा. संभाजीनगरला घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे, लातूर-नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. घरातून निघणं जमत नसेल, तर टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या: 14416. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

ऊसतोडीला निघणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. गोळ्या चालू असतील तर टोळी हलण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा, जास्तीत जास्त दिवसांचं औषध मागून घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवला, तर सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.