लाइन कोणत्या हाताला?

मंडळी, फलकावर विषय आहे कॅथेटरमुळे (शिरेत घातलेल्या नळीमुळे) होणारी रक्ताची गुठळी आणि डोक्या-मानेच्या कर्करोगातलं आयुष्यमान. त्याकडे येऊच. पण आधी लाइन, म्हणजे औषधं द्यायची ही नळी, कोणत्या हाताला घालायची, हे बोललंच पाहिजे. केमोच्या आदल्या संध्याकाळी ‘सापडेल ती शीर’ या न्यायाने हा निर्णय होतो आणि नंतर रुग्णाला तो महागात पडतो.

गालाचाच कर्करोग घ्या. डाव्या गालात गाठ, मानेतही डावीकडे गाठी, रुग्ण उजव्या हाताने जेवणारा. गाठ काढल्यावरची जागा भरायला सर्जनला फोरआर्मचा फ्लॅप (मनगटाकडचा कातडीचा, रक्तवाहिन्यांसकट तुकडा) हवा असेल तर तो सहसा डाव्या हाताचा घेणार. त्या फ्लॅपचं रक्त परत नेणारी सेफॅलिक शीर सलाइनच्या सुयांनी आधीच कडक झाली असेल, तर फ्लॅप धोक्यात. शिवाय ऑपरेशनमध्ये दंडाला टुर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) बांधतात, नेमकी पिक लाइन (दंडातून हृदयाजवळ नेलेली नळी) असते तिथेच. फ्लॅप छातीच्या स्नायूचा घेतला तर तो गाठीच्या बाजूचा, आणि केमोपोर्टचा (कातडीखाली बसवायच्या केमोच्या डबीचा) खिसाही कॉलरबोनखाली त्याच वाटेत. त्या बाजूची मानेतली जुग्युलर शीर गाठींनी दबलेली असू शकते, नेक डिसेक्शनमध्ये (मानेतल्या गाठी काढताना) कधी काढावीही लागते. रक्त तुंबलेल्या शिरेत नळी घालणं म्हणजे गुठळीसाठी पाट मांडणं. म्हणून या रुग्णाला उजवी बाजू. तिकडून हृदयाची वाटही सरळ आहे. डावीकडून नळी लांब जाते, वळते, शिरेच्या भिंतीला जास्त घासते. उजव्या गालाची गाठ असली की खरा पेच: गाठ उजवीकडे, फ्लॅपचा हात डावीकडे. तिथे सर्जनशी बोलल्याशिवाय ट्रे उघडू नका.

शीर दंडाच्या आतली, बॅसिलिक. सोनोग्राफीवर टुर्निके सोडून मोजा. नळीची जाडी शिरेच्या व्यासाच्या ४५ टक्क्यांच्या आत हवी. ४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) म्हणजे १.३ मिमी, त्यासाठी शीर निदान ३ मिमी. दुसरं लुमेन (नळीतला वेगळा मार्ग) ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून घेऊ नका; जाडी वाढते, गुठळीही वाढते. टोक वरच्या महाशिरेच्या आणि उजव्या कर्णिकेच्या सांध्यापाशी हवं. वरच राहिलं तर तिथे गुठळी धरते. फ्लश, म्हणजे नळी धुणं, १० मिलीच्याच सिरिंजने, थांबत-थांबत. लहान सिरिंजचा दाब जास्त असतो, नळी फाटू शकते.

जर्मन डॉक्टर व्हर्चोच्या नावाने ओळखली जाणारी गुठळीची तीनही कारणं इथे एकत्र येतात: तुंबलेलं रक्त, दुखावलेली शीर, गोठायला टपलेलं रक्त. त्यात सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, आणि तोंड आल्यामुळे घशाखाली न उतरणारं पाणी. तरीही खोराना स्कोअरमध्ये (केमोच्या रुग्णाला गुठळीचा धोका किती, याचे गुण) या कर्करोगाच्या जागेला एकही गुण नाही, आणि गुण मिळवून देणारा ३५ किंवा त्याहून जास्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) या वाळलेल्या रुग्णांमध्ये शोधून सापडत नाही. कमी स्कोअर पाहून निर्धास्त राहू नका. पट्टी बदलताना सिस्टरनी दोन्ही दंडांचा घेर टेपने मोजावा. हात सुजला, छातीवर शिरा उठल्या, तर त्याच दिवशी डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी).

गुठळी सापडली की नळी उपटायची घाई नको. ती चालू आहे, जागेवर आहे, संसर्ग नाही आणि गरज आहे, तर राहू द्या. रक्त पातळ ठेवणारं एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन किलोमागे १ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, निदान तीन महिने आणि नळी असेपर्यंत. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहा, सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला सोडत नाही. रक्ताळलेली गाठ असेल तर हिशोब नव्याने मांडा. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असेल तर रिव्हरॉक्सबॅन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी कुटून देता येते, टोक जठरात असेल तरच. त्याच कामाच्या डॅबिगट्रानची कॅप्सूल मात्र उघडायची नाही.

वेळ संपत आली, आता आयुष्यमान, घाईने. गुठळी झालेले रुग्ण लवकर जातात, असा आलेख कुणी दाखवला तर विचारा: गुठळी मारते, की जो आधीच खंगलाय त्याला ती होते? गुठळीवाले जास्त जगतात असा उलटा आलेखही फसवा. गुठळी दहाव्या आठवड्यात झाली, तर तो रुग्ण दहा आठवडे जगला हे आधीच ठरलेलं. लाइन घातल्या दिवसापासून त्याला गुठळीच्या गटात मोजलं की तो गट फुकटचे आठवडे कमावतो. गुठळी झाली त्या दिवसापासूनच गट बदला.

माझ्या मते खरं नुकसान दुसऱ्या वाटेने होतं. हात सुजला म्हणून केमो पुढे गेली, त्यापायी रेडिएशनही थांबलं. सात आठवड्यांचं रेडिएशन लांबलं तर प्रत्येक जादा दिवसामागे गाठीवरचं नियंत्रण एखाद्या टक्क्याने सुटतं. म्हणून केसपेपरवर लाइन घातल्याची, गुठळी सापडल्याची आणि चुकलेल्या प्रत्येक फ्रॅक्शनची (रेडिएशनच्या एकेका डोसची) तारीख लिहा. बाजू लिहायला विसरू नका.