तडजोडनाम्यात चावीची तारीख लिहा

श्रोतेहो, नमस्कार. घर खाली करून मागण्याचा दावा लागला, की मालक आणि भाडेकरू दोघंही वर्षानुवर्षं तारखांना जातात. पण दावा चालू असतानाच दोघांनी तयारी दाखवली, तर न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतं.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो आधी दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकाशी वेगळं बोलतो. गाठ बहुधा तिथंच सुटते. मालकाला मुलाच्या लग्नाआधी खोली हवी असते, भाडेकरूला मुलीची दहावीची परीक्षा होईपर्यंत वेळ. तिथं बोललेलं पुढं दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून मोकळेपणानं बोला.

भाडेकरूंनी एक गोष्ट मात्र विसरू नये. दावा थकबाकीचा असेल, तर समन्स हाती पडल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के सरळव्याजानं, दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरावी लागते आणि पुढचं भाडंही नियमित भरत राहावं लागतं. मध्यस्थी चालू आहे म्हणून ही मुदत थांबेल असं धरून चालू नका. या एका समजुतीपायी राहतं घर जाऊ शकतं.

आता तडजोडनामा. ‘भाडेकरू जागा खाली करेल’ एवढं वाक्य पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू असलेल्या जागेत नुसत्या संमतीवर ताब्याचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा ताबा देण्याचा आदेश, टिकत नाही. कायद्यातलं एखादं कारण असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं नगिनदास रामदास खटल्यात हेच सांगितलं. तेव्हा थकबाकी असो की मालकाची खरी गरज, जे कारण भाडेकरूला मान्य आहे ते स्पष्ट लिहा. नाहीतर पुढं दरखास्तीत, म्हणजे हुकूमनामा अंमलात आणण्यासाठीच्या अर्जात, पुन्हा तोच वाद उभा राहतो.

मूळ भाडेकरू वारला असेल, तर भाडेकरूपणाचा हक्क सांगणाऱ्या घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. एक भाऊ राहून गेला, तर ताबा घ्यायला न्यायालयाचा कर्मचारी, म्हणजे बेलिफ, दारात आल्यावर तोच अडथळा घालतो.

चावीची तारीख, तोवरचं मासिक भाडं, अनामत किती परत आणि केव्हा, वीजबिल कोणाकडं, हे आकड्यांत लिहा. मीटरचं शेवटचं रीडिंग त्याच दिवशी दोघांनी मिळून टिपावं, आणि अनामतीचा धनादेश व चावी एकाच बैठकीत हातोहात द्यावी.