धुराची वाट

पहाटेचे साडेपाच. अजून नीट उजाडलेलं नाही. मोकळ्या जागेत दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी आहेत. डावीकडे तीन बर्नरची गॅस ग्रिल. उजवीकडे जाड काळ्या पत्र्याचा आडवा पिंप, त्याच्या एका अंगाला छोटी भट्टी आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. हा ऑफसेट स्मोकर, लाकडाच्या धुरात मंद आचेवर मांस शिजवणारा.

टेबलावर डुकराच्या खांद्याचे दोन तुकडे आहेत. हाडासकट, साधारण चार-चार किलोंचे. मीठ-मिरी दोघांना सारखीच चोळली आहे. आच दोघांना एकच मिळणार, 110 अंश सेल्सिअस. हे काम संध्याकाळपर्यंत चालेल.

ग्रिलचा एकच बर्नर पेटतो, तोही कडेचा आणि बारीक. मांस दुसऱ्या कडेला, न पेटलेल्या बर्नरवर. खाली पाण्याचं पसरट भांडं. झाकण बंद. दहा-पंधरा मिनिटांत आच जागेवर येते. स्मोकरच्या भट्टीत मात्र आत्ता कुठे कोळसे फुलू लागलेत. त्यांच्यावर वाळलेल्या ओकचा पहिला ओंडका पडेल, तो धडधडून पेटेल, पिंपाचा पत्रा तापेल, आणि मगच मांस आत जाईल. सुरुवातीलाच पाऊण तास मागे.

ग्रिलच्या झाकणावर जो काटा असतो, त्यावर विसंबू नका. तो झाकणाजवळची हवा मोजतो, मांस असतं खाली जाळीवर. दोन्हींत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. वायरवाला थर्मामीटर घ्या आणि त्याचं टोक जाळीवर, मांसाच्या शेजारी ठेवा. मंद आचेचा खेळ इथेच जमतो नाहीतर बिघडतो.

एवढा वेळ लागतो कशाला? खांदा हा जनावराचा राबणारा भाग. त्याच्या धाग्याधाग्यांत कोलॅजन असतं, चिवट, दोरीसारखं. सत्तर अंशांच्या पुढे गेल्यावर ते सुटू लागतं, विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. हे घाईनं होत नाही. मांसाच्या पोटातली उष्णता 93 ते 95 अंशांपर्यंत पोचली की हाड आपसूक सुटतं. आणि इथवर दोन्ही यंत्रं बरोबरीची आहेत. आच स्थिर असेल तर कोलॅजनला गॅस काय आणि लाकूड काय, सारखंच. गॅसवर मांस मऊ होत नाही असं कुणी म्हणत असेल, तर ते खरं नाही.

फरक धुरात पडतो. तो समजायचा तर कॅमेरा ग्रिलच्या पाठीमागे न्यावा लागेल.

ही पाहा, झाकणाच्या मागची फट. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती चुकून राहिलेली नाही, मुद्दाम ठेवली आहे. बर्नरला भरपूर हवा लागते, जळालेले वायू झटपट बाहेर जावे लागतात, आणि ज्योत विझली तर न जळलेला गॅस आत साठता कामा नये. ही फट माणसाच्या जिवासाठी आहे. धूर कोंडायचा म्हणून काहीजण ती फॉइलनं बुजवतात. हे कधीही, कोणत्याही कारणानं करू नका.

पण त्याच फटीतून धूरही निघून जातो. मांसाला जेमतेम शिवतो आणि जातो. स्मोकरमध्ये धुराची वाट आखलेली असते: भट्टीतून निघायचं, पिंपाच्या लांबीभर मांसावरून सरकायचं, धुराड्यातून बाहेर पडायचं. पुढची झडप किती उघडी ठेवायची, हे राखणारा ठरवतो.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून मोठी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. स्मोकरमध्ये लाकूड हेच इंधन आहे. ते ज्योतीनं जळतं, त्याला हवा पुरते, म्हणून धूर पातळ निघतो. इतका पातळ की उन्हात निळसर दिसतो. लाकडाला टणकपणा देणाऱ्या लिग्निनपासून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं तयार होतात. आपण ज्याला धुराची चव म्हणतो, ती बरीचशी यांची. ग्रिलमध्ये लाकूड पाहुणं असतं. लोखंडी डबीत किंवा फॉइलच्या पुडीत बर्नरवर बसलेलं, पुरेशा हवेविना नुसतं धुमसणारं. त्यातून पांढरा, दाट, डोळ्यांत पाणी आणणारा धूर येतो. तो जास्त झाला की मांस कडवट होतं, जिभेला चरचरतं.

म्हणून ग्रिलवर थोडक्यात गोडी ठेवावी. बारीक चिप्स वीस-तीस मिनिटांत संपतात, त्यापेक्षा मुठीएवढे दोन ठोकळे बरे. लाकूड भिजवू नका. पाणी लाकडात फारसं मुरत नाही, वरवरचं तेवढं आधी वाफ होऊन जातं आणि धूर उशिरा सुरू होतो. डबीपेक्षा भोकांची नळी चांगली. तिच्यात लाकडी पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्या, भरायचे आणि एका टोकानं पेटवायचे, नळी काही तास सावकाश जळत राहते. पाइन किंवा कुठलंही चिकाचं लाकूड नको, रंग दिलेलं तर नकोच. आणि मांस फ्रिजमधून थेट जाळीवर ठेवा. गार, ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला चिकटतो. पहिले तीन-चार तास हीच कमाईची वेळ.

दुपार. दोन्ही तुकडे अडकलेत. आतली उष्णता 68 अंशांवर आली आणि तास झाला तरी हलत नाही. नवखा माणूस इथे घाबरून आच वाढवतो. मांसाला घाम फुटला आहे, एवढंच. पृष्ठभागावरचं पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं, तेवढीच बाहेरून मिळते आहे. वाट पाहायची, किंवा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचं. गुंडाळलं की वेळ वाचतो, पण वरची खरपूस काळी साल नरमते. मी वाट पाहणाऱ्यांतला.

या वाट पाहण्यातही दोन्हींचा स्वभाव कळतो. ग्रिलपाशी कुणी नाही. सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय ते अधूनमधून पाहायचं, बस्स. स्मोकरपाशी सकाळपासून एक माणूस बसून आहे. पाऊण-एक तासानं ओंडका, वारा फिरला की झडप. मला हे बसणं आवडतं. पण ज्याला दिवसभर इतर कामं आहेत, त्याच्यासाठी ही शिक्षाच.

मधली वाटही आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये निघालेला पेलेट स्मोकर स्वतःच लाकूड भरतो. जाड मातीचा, झाकणाच्या चुलीसारखा कामाडो मूठभर कोळशावर तासन्‌तास आच धरतो. आणि उभ्या कपाटासारखे स्मोकर गॅसवरही चालतात. त्यांत बर्नर लहान, लाकडाचं तबक ज्योतीवर, आणि धूर वर जाताना मांसाला लपेटून जातो. म्हणजे दोष गॅसचा नव्हता. ग्रिल झपाट्यानं भाजण्यासाठी घडवलेली आहे, कोंडून ठेवण्यासाठी नाही.

संध्याकाळी साडेसहा. दोन्ही तुकडे 94 अंशांवर. तासभर गुंडाळून मुरवले आणि आता कापतो आहोत. दोन्हींचं हाड अलगद हातात येतं. सालीखाली दोन्हीकडे गुलाबी कडा आहे, स्मोकरच्या तुकड्यात जाड, ग्रिलच्या तुकड्यात बारीक. धुरातले वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी जुळतात, त्यातून ही कडा येते. गॅसच्या ज्योतीतूनही ते वायू थोडे निघतात. कडेला स्वतःची चव नसते, तेव्हा तिच्यावरून निकाल देऊ नये.

चव सालीत आहे. ग्रिलवरची साल तांबूस, मिरीची, धूर मागून हलकेच येणारा. कोंबडीला, बरगड्यांना एवढा धूर पुष्कळ झाला, आणि ज्याच्याकडे ग्रिल आधीच आहे त्यानं आणखी काही विकत घेण्याआधी तीवर चार-पाचदा हात बसवावा. स्मोकरवरची साल काळीभोर आहे. दाताखाली कुरकुरते, आणि घास गिळल्यावरही ओकचा धूर घशाशी रेंगाळतो. बारा-बारा तास लागणाऱ्या मोठ्या तुकड्यांसाठी मला हाच हवा.

ग्रिलचा नॉब बंद झाला, ज्योत विझली. स्मोकरची झडप लावून घेतली आहे. भट्टीतले निखारे राख व्हायला अजून बराच वेळ आहे.