चालता गोठा, राखलेलं जंगल
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अमेरिकेच्या ईशान्येला वरमाँट राज्यात वुडस्टॉक नावाचं गाव आहे. तिथल्या माउंट टॉमवर आज गर्द झाडी दिसते. दीडशे वर्षांपूर्वी या भागातल्या टेकड्या बोडक्या होत्या, आणि त्यात मेंढ्यांचा वाटा मोठा. 1811 मध्ये पोर्तुगालहून तिकडे मेरिनो मेंढ्या आल्या, लोकरीला भाव आला आणि कुरणांसाठी जंगलं साफ झाली. 1840 पर्यंत त्या एवढ्याशा राज्यात सोळा लाखांवर मेंढ्या होत्या. माणशी पाचाहून जास्त! झाडं गेल्यावर माती वाहून गेली, पूर वाढले.

हे डोळ्यांनी पाहत वाढलेला मुलगा म्हणजे जॉर्ज पर्किन्स मार्श. पुढे तो तुर्कस्तानात आणि इटलीत अमेरिकेचा राजदूत झाला. माणूस निसर्गाची कशी नासाडी करतो, हे सांगणारा त्याचा ‘मॅन अँड नेचर’ हा ग्रंथ 1864 मध्ये आला. 1869 मध्ये मार्शचं लहानपणचं घर फ्रेडरिक बिलिंग्जने विकत घेतलं. हा कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर उडालेल्या धामधुमीत सॅन फ्रान्सिस्कोला वकिली करून गबर झालेला माणूस. नंतर नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्षही झाला. त्याने टेकडीवर स्प्रूस आणि लार्च ही सूचिपर्णी झाडं लावली, बग्गीसाठी रस्ते काढले आणि 1871 मध्ये थेट जर्सी बेटावरून गाई मागवल्या.

शेतीची खरी घडी मात्र जॉर्ज एटकेन या व्यवस्थापकाने बसवली. त्याच्यासाठी 1890 मध्ये बांधलेलं घर मला बिलिंग्जच्या बंगल्याहून जास्त आवडतं. एकाच छपराखाली त्याचा संसार, शेतीची कचेरी आणि तळघरात लोणी काढायचा कारखाना! वरच्या कचेरीत हिशेब लिहायचे आणि खाली चक्रपट्ट्यावर फिरणाऱ्या घुसळणीत लोणी निघायचं. बिलिंग्ज त्याच वर्षी गेला. पुढे त्याची पत्नी ज्युलिया आणि मुलींनी हा व्याप सांभाळला. अर्थात, मागे रेल्वेचा पैसा होता म्हणून हे जमलं. तशी ऐपत शेजारच्या शेतकऱ्यांची कुठून असणार?

बिलिंग्जची नात मेरी हिचं लग्न धनाढ्य रॉकफेलर घराण्यातल्या लॉरन्सशी झालं. शीतयुद्धाच्या काळात या दांपत्याने इथे अणुहल्ल्यापासून बचावाचं तळघरही करून घेतलं. निसर्गरक्षणाच्या तीर्थक्षेत्रात अणुबाँबची भीती! त्यांनीच 1983 मध्ये शेतीचा भाग संग्रहालय म्हणून खुला केला. बंगला आणि साडेपाचशे एकर जंगल देशाला दिलं. त्यासाठी 1992 मध्ये कायदा झाला आणि 1998 मध्ये राष्ट्रीय उद्यान उघडलं. म्हणून आज रस्त्याच्या एका बाजूला रॉकफेलर दांपत्याने काढलेल्या संस्थेची शेती, तर दुसऱ्या बाजूला सरकारी उद्यान.

गोठ्यात आजही जर्सी गाईंची धार काढली जाते. जंगलात कुऱ्हाडही चालते, आणि यावर काही पाहुणे नाकं मुरडतात: राष्ट्रीय उद्यानात लाकूडतोड? पण हे जंगल मुळात हाताने लावलेलं, पिकासारखं राखलेलं आहे. बिलिंग्जच्या काळातले स्प्रूस आता म्हातारे झालेत. ते टप्प्याटप्प्याने काढायचे, खालून आपोआप वर येणाऱ्या मेपलला उजेड द्यायचा आणि निघालेलं लाकूड कामी लावायचं, असं तिथले वनपाल करतात. सगळेच स्प्रूस काढायचे, की बिलिंग्जची आठवण म्हणून काही पट्ट्यांत पुन्हा स्प्रूसच लावायचे, हा निर्णय त्यांना पट्ट्यागणिक घ्यावा लागतो.