साखळीतल्या साखळ्या

(दृश्य : डिचोली तालुक्यातलं साखळी. वाळवंटीचं गढूळ पाणी, काठावरचे माड, सरळसोट पाऊस. मग एका जुन्या घराचा सोपा.)

साखळी हे आमच्या गावाचं नाव. क्रोशाची सुई हातात धरली की सगळ्यात आधी जो टाका शिकवतात, त्याचंही नाव साखळी. या एका विनोदावर आमच्या घरात तीन पिढ्या हसतायत. मावशीला कुणी विचारलं, "काय करतेस गो?" की ती मानही वर न करता सांगते, "साखळीत बसून साखळ्या घालतेय."

आज ती खिडकीपाशी बसलीय, कारण वीज गेलीय. मांडीवर केशरी सुताचा गुंडा, पायाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात बिस्किटं नाहीत हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे.

बाहेरगावचा पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो. गोव्यात आणि विणकाम? स्वेटर घालणार कोण आणि कधी? प्रश्न रास्त आहे. पणजीत जानेवारीतल्या पहाटेसुद्धा पारा २० अंशांच्या आसपासच रेंगाळतो. इथला स्वेटर महाबळेश्वरची सहल ठरली की कपाटातून निघतो आणि परत आल्यावर डांबराच्या गोळ्यांशेजारी जाऊन झोपतो.

पण विणकाम म्हणजे लोकर आणि लोकर म्हणजे थंडी, हे समीकरण पक्कं कुणी केलं? सुयांवर विणलेल्या कापडाचे जे सगळ्यात जुने नमुने हाती लागलेत, त्यांत इजिप्तमधले मोजे आहेत. निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, सुमारे हजार ते सातशे वर्षांपूर्वीचे, आणि सुती. वाळवंटातल्या माणसांनी सुताचे मोजे विणले, मग आम्ही सुताचे रुमाल विणले तर काय बिघडलं?

(दृश्य : म्हापसा, शुक्रवारचा बाजार. चणेकार, केळ्यांचे घड, गर्दी. मग शिवणसामानाचं एक अरुंद दुकान, भिंतभर गुंडे.)

या हौसेतला अर्धा आनंद दुकानातच संपतो, असं माझं मत आहे. मावशी गुंडा उचलते, रंग बघते आणि आधी गालाला लावते, मग मानेला. मानेला टोचलं की तो गुंडा परत फळीवर. हातांना सगळंच मऊ लागतं, हातांवर विश्वास ठेवू नये म्हणते.

अ‍ॅक्रिलिक स्वस्त, रंगांना तोटा नाही, मशीनमध्ये टाका नि विसरा. पण अंगाला लागलं की घाम फोडतं. खरी लोकर ताणली तरी परत जागेवर येते, म्हणून मनगटाची नि कमरेची पट्टी तिच्यातच शोभते. सुताला तो लवचिकपणा नाही. सूत थंड, जड आणि हट्टी. सुती ब्लाउज विणलात तर चार धुण्यांत तो आपल्या वजनानेच लांबतो, म्हणून मापापेक्षा थोडा आखूड ठेवायचा. चकाकणारं सूत मिळतं त्याला मर्सराइज्ड म्हणतात. कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने त्याला ती चमक आणि मजबुती येते. रुमालाला, तोरणाला तेच घ्यावं.

आणि गुंड्याच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर! एका कामाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या. तोच रंग, तोच क्रमांक, पण लॉट वेगळा असला तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही. घरी उन्हात दिसतो, आणि तोवर निम्मी शाल झालेली असते.

सुयांच्या नंबरांनी तर मला पहिल्याच दिवशी गंडवलं. मोठा नंबर म्हणजे जाड सुई, आणि जाड सुई म्हणजे काम झटपट, असा हिशेब करून मी ऐटीत १४ नंबरच्या सुया घेऊन आले. आपल्याकडे चालणारे हे जुने इंग्लिश नंबर उलटे धावतात. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, आणि १४ नंबर म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर. त्या काड्यांवर महिनाभर घाम गाळून माझा चार बोटं रुंदीचा पट्टा झाला. मावशीने तो अजून जपून ठेवलाय. प्रेमाने नव्हे, लोकांना दाखवायला.

(दृश्य : अगदी जवळून. आधी दोन सुया, मग क्रोशाची एक सुई.)

आता हात नीट बघा. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर जिवंत असतात. साठ टाके घातले तर साठ फास तोंड उघडून बसलेले. प्रत्येकातून नवा फास ओढायचा, जुना सोडायचा. पुढून काढला तर सुलट, मागून काढला तर उलट. स्वेटरातली सगळी नक्षी याच दोघांच्या भांडणातून येते. एक टाका निसटला की तो शिडीवरून उतरावा तसा सरसर खाली जातो, आणि विणणारीच्या तोंडून जे शब्द निघतात ते निवेदनात घेता येत नाहीत.

क्रोशाचं तसं नाही. तिथे एकच सुई, तिच्या टोकाला आकडा, आणि जिवंत फास एकच. तो एक सांभाळला की झालं. दारात पोदेर पाव घेऊन आला, कुकरने शिट्टी दिली, वीज गेली, तर सुई काढा, फास जरा मोठा ओढून ठेवा, उठा. गोव्याच्या पावसाळ्यात वीज जशी वागते ते पाहता इथे क्रोशा जास्त का रुजला, याचं माझ्यापुरतं उत्तर मला मिळालंय.

आणि चुकलं तर? उसवायचं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. भाजीत मीठ जास्त पडलं तर भाजी गेली, कापड चुकीचं कापलं तर कापड गेलं. इथे धागा ओढला की तीन दिवसांची चूक तीन मिनिटांत परत गुंडा होते. जरा कुरळा गुंडा, पण धागा तेवढाच.

शिकायला आता आजी-मावशी लागत नाहीत, फोनवर व्हिडिओ मिळतात. मात्र तिथे एक खड्डा आहे, आणि त्यात पडून आलेल्या बाईचा हा सल्ला आहे. अमेरिकन लोक ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश लोक 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकन 'डबल' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल'. टाका तोच, सुई तीच, नावं एक पायरी सरकलेली. नमुना ब्रिटिश आणि शिकवणारी अमेरिकन असली की लहान मुलीची टोपी थेट आजोबांना बसते. आपल्या मराठीत हा घोळच नाही. साखळी म्हणजे साखळी. बुटका टाका तो मुका खांब, उंच तो खांब. मुका का, तर धागा सुईला न गुंडाळता गुपचूप काढला जातो, असं मावशी सांगते. ही व्युत्पत्ती तिचीच आहे, कोशात शोधू नका.

(दृश्य : देवघर. समईखाली गोल रुमाल, चौकटीला पांढरं तोरण.)

हे तोरण आजीच्या हातचं. पोर्तुगीज गोव्यात १५१० मध्ये आले, १९६१ मध्ये गेले, आणि जाताना पाव, मिरची-विनेगरची चव आणि घराघरांत ही सुई मागे राहिली. पोर्तुगीजमध्येही क्रोशाला क्रोशेच म्हणतात आणि लेसला रेंदा. चर्चमधल्या वेदीवरच्या कापडाला अजूनही अशी पांढरी किनार दिसते. आजी मात्र कुठल्या शाळेत शिकली नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या बाईने तिला मागच्या दारी, विहिरीच्या कट्ट्यावर बसवून शिकवलं. बदल्यात आजीने तिला मण्यांचं तोरण शिकवलं. त्यामुळे तिकडच्या वेदीवर जी द्राक्षांची वेल होती, ती आमच्या देवघरात आली, आणि आजीने द्राक्षांच्या जागी आंब्याची पानं घातली. खांबांची संख्या जवळजवळ तीच. मी मोजलीय.

त्या काळी घरात जे काही झाकता येण्याजोगं होतं, त्यावर क्रोशाचा रुमाल असे. ताटावर, तांब्यावर, रेडिओवर, पुढे टीव्हीवर. आम्ही मुली या रुमालांना हसायचो. सपाट टीव्ही आल्यावर रुमाल ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा कुठे चुकचुकल्यासारखं झालं.

(दृश्य : पत्र्याच्या डब्यातली गंजलेली सुई. खिडकीवर ओलीचे डाग.)

पावसाळ्याचे चार महिने विणायला उत्तम आणि विणलेलं टिकवायला वाईट. लोखंडी सुईला आठवड्यात तांबूस डाग पडतो आणि तो पांढऱ्या सुतावर उतरतो. मावशी रोज काम संपलं की सुई कोरड्या फडक्याने पुसून ठेवते. दमट हवेत बोटांना घाम, धागा सरकत नाही, टाके घट्ट होत जातात. त्यासाठी बाजूला टाल्कम पावडरचा डबा. लोकरीला कसर लागते, म्हणून ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि पावसाने उघडीप दिली की सगळं वाऱ्यावर. लोकरीचं ओलं कापड दोरीवर टांगायचं नाही, पंचावर आडवं पसरायचं, नाहीतर खांदे कोपरापर्यंत येतात.

एवढं सगळं ऐकूनही मी एका श्रावणात शहाणपणा केलाच. अ‍ॅक्रिलिकची शाल दोन दिवस वाळेना, म्हणून वरून गरम इस्त्री फिरवली. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक. टाक्यांचा फुगीरपणा जागच्या जागी बसला, शाल लोळागोळा होऊन चपटी, चकचकीत झाली. उसवून काही उपयोग नाही, कारण धाग्याचाच जीव गेलेला असतो. ती आता मांजराखाली आहे.

(दृश्य : पुन्हा सोपा. मावशीच्या हातातलं केशरी काम. शेजारी फोनवर माटोळीचा जुना फोटो.)

आता मांडीवर काय चाललंय ते सांगते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही माटोळी बांधतो. लाकडी चौकटीला रानातली, परसातली फळं-पानं टांगायची. नारळ, सुपारीचा शिपटो, चिबूड, तोरिंगण, माट्टी, आणि लालभडक कवंडळ. मावशीचा मुलगा परदेशात असतो. तिथे गणपती येतो, पण कवंडळ कुठून येणार? म्हणून ती विणून पाठवतेय. खऱ्या माटोळीत विणलेलं फळ तिला चालत नाही. "देवाक रानातलंच लागतं," म्हणते. परदेशातल्या देवाला सवलत आहे.

गोल फळ विणणं म्हणजे शुद्ध गणित. सुरुवातीच्या कडीत ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन, झाले १२. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढ, १८. मग २४, मग ३०. दर फेरीला फक्त ६ वाढवत गेलं की चकती सपाट राहते. वाढवणं थांबवून तेवढ्याच ३० वर पाच-सहा फेऱ्या घातल्या की कडा वर उभी राहते आणि वाटी होते. मग त्याच पायऱ्यांनी उलटं खाली. २४, १८, इथे पोटात जुन्या उशीतला फायबर भरायचा, कापूस नको, तो ओल धरतो. पुढे १२, ६, आणि तोंड बंद. जपानी लोक अशी भरलेली खेळणी विणतात, त्यांना अमिगुरुमी म्हणतात.

आणि दर फेरीला ६ ऐवजी प्रत्येक टाक्यात दोन घालत राहिलं तर? ६, १२, २४, ४८, ९६, १९२. जागा पुरत नाही, कापड झालरीसारखं मुरडत जातं. माझ्या हातून हे चुकून झालं होतं आणि मी ते लपवलं होतं. नंतर कळलं, की दाइना ताइमिन्या नावाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ठरावीक प्रमाणात टाके वाढवत असेच मुरडलेले क्रोशाचे नमुने विणले होते. हायपरबोलिक भूमिती, म्हणजे सपाट न राहता मुरडत वाढणाऱ्या पृष्ठभागाची भूमिती, कागदावर कुणाला नीट दिसेना, ती त्यांनी हातात दिली. माझी चूक मी तेव्हापासून शोकेसमध्ये ठेवलीय.

पाऊस वाढलाय. मावशीची फेरी सत्तावीसवर आलीय, ओठ हलतायत. कॅमेरा अगदी बोटांजवळ न्यायचा म्हणून मी हळूच विचारते, "मावशे, हात जरा उजेडात धरशील?"

"अठ्ठावीस... काय म्हणालीस?"

सुई थांबते. मावशी फळ डोळ्यांजवळ नेते, उलटसुलट करते, नखाने टाके चाचपते. एकदा मोजते. परत मोजते.

"एकतीस आले. तुझ्या त्या कॅमेऱ्यापायी." आणि ती शांतपणे सुई काढून घेते, धागा ओढते, आणि टर्रर्र आवाजात एक फेरी उसवत मला म्हणते, "घे, हे पण घे शूटिंगात."